सिक्युरिटी प्लगइनला फाइल लिहिता येत नाही तेव्हा आधी मालक बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वर्डप्रेसच्या साइटवर वर्डफेन्स हे सुरक्षेचं प्लगइन बसवलेलं आहे. डॅशबोर्डवर सूचना येते की फायरवॉलला स्वतःच्या कॉन्फिगरेशन फाइल्समध्ये लिहिता येत नाही. तुम्ही डब्ल्यूपी-कंटेंटमधल्या डब्ल्यूएफलॉग्ज फोल्डरला आतल्या फाइल्ससकट ७७७ दिलं, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा. सूचना गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत हजर. पुन्हा ७७७, पुन्हा तेच. सोबत त्या फोल्डरची यादी जोडून तुम्ही विचारलं आहे की नेमका कोणता आकडा दिला म्हणजे हे कायमचं थांबेल.

कुठलाच आकडा दिला तरी थांबणार नाही. कारण तुमच्याच यादीत दिसतंय. बहुतेक फाइल्सपुढे मालक म्हणून तुमच्या होस्टिंग खात्याचं नाव आहे, पण दोन फाइल्सपुढे मालकही रूट, म्हणजे सर्व्हरचा सर्वाधिकारी वापरकर्ता, आणि ग्रुपही रूट. त्या दोन्ही फाइल्सची वेळ पहाटे ३ च्या जरा नंतरची, आणि परमिशन ६६०. म्हणजे मालकाला आणि ग्रुपला वाचायची-लिहायची मुभा, बाकी कुणालाही काहीच नाही. तुमच्या सर्व्हरवर पीएचपी, म्हणजे वर्डप्रेसचा कोड चालवणारा प्रोग्रॅम, चालतं ते तुमच्या खात्याच्या नावाने. ते रूट नाही आणि रूटच्या ग्रुपमध्येही नाही. त्यामुळे त्या दोन फाइल्सपुरतं ते 'बाकी'त मोडतं, आणि बाकीच्यांच्या वाट्याला शून्य आलंय. प्लगइन खरं तेच सांगतंय.

मग ७७७ एक दिवस चाललं कसं आणि गेलं कुठे? अशी प्लगइन्स बरेचदा जुन्या फाइलमध्ये थेट लिहीत नाहीत. लिहिता लिहिता सर्व्हर बंद पडला तर अर्धवट फाइल उरेल, म्हणून ती आधी त्याच फोल्डरमध्ये एक तात्पुरती फाइल करतात, ती पूर्ण झाली की तिला जुन्या फाइलचं नाव देतात. नाव तेच राहतं, फाइल मात्र नवी असते. तुम्ही दिलेलं ७७७ जुन्या फाइलवर होतं आणि ते तिच्याबरोबरच गेलं. नव्या फाइलचा मालक तोच, ज्याने ती तयार केली. पहाटे ३ वाजता ती तयार करणारा रूट होता.

आता रूट पहाटे तिथे काय करत होता हे शोधायचं. रूटचा क्रॉनटॅब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी, उघडून बघा. जवळजवळ खात्रीने तिथे डब्ल्यूपी-सीएलआयची (वर्डप्रेस कमांडने चालवायचं साधन) एक ओळ सापडेल, बॅकअपची, अपडेटची किंवा वर्डप्रेसच्या क्रॉनला धक्का देणारी. त्या ओळीत 'अलाउ-रूट' हा पर्याय आहे का तेवढं बघा. डब्ल्यूपी-सीएलआय रूट म्हणून चालवायला गेलं तर ते आपणहून नकार देतं आणि मोठा इशारा छापतं. तो इशारा गप्प करण्यासाठीच हा पर्याय घालावा लागतो. हा पर्याय दिसला की समजायचं, इथे वर्डप्रेस आणि त्याबरोबर सगळी प्लगइन्स रूट म्हणून जागी होतात, आणि त्या अवस्थेत जी फाइल लिहिली जाईल ती रूटच्या मालकीची होईल. वर्डफेन्सची तक्रार आधी ऐकू येते कारण ते सतत लिहीत असतं. कॅशेच्या आणि अपलोडच्या फोल्डरमध्येही अशाच फाइल्स साचल्या असतील, त्यांची ओरड नंतर येईल.

दुरुस्तीचा क्रम मी असा ठेवतो. आधी ती क्रॉनची ओळ बंद करायची, नाहीतर आपण साफसफाई करतोय आणि मागून पुन्हा कचरा येतोय असं होतं. मग मालकी दुरुस्त करायची, त्यानंतर आकडे, आणि शेवटी ती क्रॉनची ओळ रूटच्या क्रॉनटॅबमधून काढून साइटच्या खात्याच्या क्रॉनटॅबमध्ये टाकायची, 'अलाउ-रूट' वगळून. एखाद्या स्क्रिप्टला बाकी कामांसाठी रूट लागतच असेल, तर निदान डब्ल्यूपी-सीएलआयची कमांड 'सुडो'ने खात्याच्या नावावर चालवा.

मालकी बदलायची तर आधी पीएचपी कोणाच्या नावाने चालतं याची खात्री हवी. अंदाज नको. सोपी रीत म्हणजे मीडिया लायब्ररीतून एखादं लहानसं चित्र अपलोड करायचं आणि अपलोड फोल्डरमध्ये जाऊन त्या फाइलचा मालक कोण आहे ते बघायचं. जो दिसेल तोच पीएचपीचा वापरकर्ता. अपलोडच होत नसेल, तर चालू प्रोसेसच्या यादीत पीएचपी-एफपीएम या पीएचपी चालवणाऱ्या सेवेपुढे कोणाचं नाव आहे ते बघा. एफपीएमची मुख्य प्रोसेस रूटच्या नावाने दिसते, तिच्याकडे दुर्लक्ष करायचं. पूलच्या, म्हणजे साइटचं काम प्रत्यक्ष करणाऱ्या, ज्या प्रोसेस असतात त्यांचं नाव आपल्याला हवं असतं. वर्डप्रेसच्या साइट हेल्थमध्ये 'माहिती'च्या टॅबवर फाइलसिस्टीम परमिशनचा एक भाग आहे. मुख्य फोल्डर, डब्ल्यूपी-कंटेंट, अपलोड, प्लगइन, थीम यांत लिहिता येतं की नाही हे तिथे सरळ दिसतं. तेही एकदा डोळ्याखालून घाला.

मग सीएचओन कमांडने डब्ल्यूएफलॉग्ज फोल्डर आतल्या सगळ्यासकट त्या वापरकर्त्याच्या नावावर करा. इथे दोन गोष्टी सांभाळा. पूर्ण मार्ग लिहा. रूट असताना एक टिंब किंवा एक स्लॅश चुकीच्या जागी पडला तर अख्ख्या सर्व्हरची मालकी बदलते, आणि ते निस्तरणं म्हणजे बहुतेक वेळा नव्याने सर्व्हर उभा करणं. दुसरं, सीपॅनेल असलेल्या सर्व्हरवर पब्लिक-एचटीएमएल फोल्डरचा ग्रुप मुद्दाम 'नोबडी' ठेवलेला असतो आणि परमिशन ७५० असते, म्हणजे वेबसर्व्हरला आत शिरता येतं आणि शेजारच्या खात्यांना येत नाही. त्या फोल्डरचाच ग्रुप बदलला तर सगळी साइट ४०३, म्हणजे 'प्रवेश नाही', दाखवू लागेल. आतल्या फाइल्सची मालकी बदला, त्या फोल्डरला हात लावू नका.

आकड्यांचं सांगायचं तर फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४, ही वर्डप्रेसची नेहमीची शिफारस. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. पहिला आकडा मालकाचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा बाकीच्यांचा. फोल्डरच्या बाबतीत तो १ म्हणजे 'चालवणं' नसतं, आत शिरण्याची मुभा असते. हे लक्षात न ठेवता कुणी अख्ख्या साइटला एकाच फटक्यात ६४४ देतं, मग फोल्डरांमध्ये कुणालाच शिरता येत नाही आणि साइट बंद. म्हणून फाइंड कमांडला फक्त फोल्डर शोधायला सांगून त्यांना ७५५, मग फक्त फाइल्स शोधायला सांगून त्यांना ६४४, असं दोनदा करायचं. परमिशन बदलणाऱ्या सीएचमॉड कमांडमध्ये मोठ्या लिपीतला एक्स वापरला तरी काम होतं. तो फोल्डरांना आणि आधीच चालवण्याजोग्या असलेल्या फाइल्सनाच तो १ देतो, बाकीच्या फाइल्सना देत नाही.

७७७ बद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण जिकडेतिकडे हाच सल्ला मिळतो आणि सुरक्षेच्या प्लगइनबाबत तो सगळ्यात घातक आहे. डब्ल्यूएफलॉग्जमध्ये नुसत्या नोंदी नसतात. फायरवॉलचे नियम जिथे असतात ती रूल्स नावाची फाइल पीएचपीची आहे आणि फायरवॉल ती चालवतं. फायरवॉल 'ऑप्टिमाइझ' केलेलं असेल तर हे सगळं वर्डप्रेस सुरू होण्याच्याही आधी, प्रत्येक विनंतीला घडतं. या फाइलमध्ये कुणालाही लिहिता येईल अशी मुभा दिली, तर त्या सर्व्हरवरची दुसरी कुठलीही प्रोसेस, शेजारच्या खात्यातली हॅक झालेली साइट धरून, तुमच्या साइटवर हवा तो कोड चालवू शकते. तोही अशा जागी, जिथे प्लगइन-थीमच्या फाइल्स तपासताना सहसा कुणी बघत नाही. तुमच्या फोल्डरवर अजून ७७७ असेल, तर पुढचं वाचण्याआधी ते काढा. काही मिनिटं सूचना दिसली तर दिसू द्या.

तुमच्यासारखीच सूचना पण सर्व्हरची मांडणी वेगळी, अशांसाठीही सांगतो, कारण उपाय बदलतो. पीएचपी-एफपीएमचा पूल खात्याच्या नावाने चालत असेल, तर वर सांगितलेलं पुरेसं आहे. तिथे ग्रुपला लिहायची मुभा देण्याची गरजच नसते. सूएक्झेक किंवा सूपीएचपीवर (पीएचपी खात्याच्या नावाने चालवण्याच्या जुन्या पद्धती) चालणाऱ्या जुन्या सर्व्हरवर तर ग्रुपला लिहायची मुभा दिली की उलट ५०० एरर येते, आणि एरर लॉगमध्ये फाइल ग्रुपला लिहिता येण्याजोगी आहे अशी तक्रार सापडते. तिथे ७७५ ने सुद्धा साइट पडते.

अपाचे या वेबसर्व्हरच्या आतच पीएचपी चालत असेल, म्हणजे मॉडपीएचपी, तर ते वेबसर्व्हरच्या नावाने चालतं: डेबियन-उबुंटूवर 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा', रेडहॅटच्या कुळात 'अपाचे'. फाइल्स तुम्ही एसएफटीपीने चढवलेल्या, म्हणजे मालक तुम्ही. लिहिणारा दुसराच. वर्डप्रेस अपडेट करताना एफटीपीचा पासवर्ड मागतं ते बहुधा याचमुळे. ते एक तात्पुरती फाइल लिहून बघतं आणि तिचा मालक व वर्डप्रेसच्या स्वतःच्या फाइलचा मालक एकच आहे का हे पडताळतं. जुळलं नाही की पासवर्ड विचारतं. यावर बहुतेक जण डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये एफएस-मेथडला, म्हणजे फाइल्स कशा लिहायच्या ते ठरवणाऱ्या सेटिंगला, 'डायरेक्ट' करून मोकळे होतात. त्याने विचारणा थांबते, मालकीचा घोळ तसाच राहतो. जिथे लिहिता येत नव्हतं तिथे अजूनही येत नाही, आणि जिथे येतं तिथल्या नव्या फाइल्स वेबसर्व्हरच्या मालकीच्या होतात, मग तुम्हाला त्या एसएफटीपीने बदलता येत नाहीत. अशा मांडणीत मी मालक खातंच ठेवतो, ग्रुप वेबसर्व्हरचा देतो, आणि जिथे लिहिणं खरोखर लागतं तेवढ्याच फोल्डरांना, म्हणजे डब्ल्यूएफलॉग्ज, अपलोड आणि कॅशे, २७७५ देतो. पुढचा २ म्हणजे सेटजीआयडी. त्यामुळे आत तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या फाइलला आपोआप तोच ग्रुप मिळतो. ग्रुपला लिहिता यावं यासाठी युमास्क, म्हणजे नव्या फाइलच्या परमिशनमधून काय वगळायचं तो आकडा, ००२ हवा. ०२२ असेल तर ग्रुप बरोबर येतो पण लिहायची मुभा येत नाही, आणि माणूस चक्रावतो. ग्रुपमध्ये नवा वापरकर्ता घातला असेल तर त्याला लॉगआउट करून परत यावं लागतं, आणि वेबसर्व्हरचा वापरकर्ता असेल तर सेवा रीस्टार्ट करावी लागते. तोवर जुनंच सदस्यत्व चालू राहतं.

जमत असेल तर मात्र मॉडपीएचपी सोडून प्रत्येक साइटला स्वतःचा एफपीएम पूल द्या, असंच मी सुचवेन. ग्रुपच्या या सगळ्या कसरती त्याने संपतात.

साइट डॉकरच्या कंटेनरमध्ये चालत असेल, तर वापरकर्त्याच्या नावावर विसंबू नका, क्रमांक बघा. डेबियनवर आधारलेल्या इमेजमध्ये 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा'चा क्रमांक ३३ आहे, अल्पाइनवर आधारलेल्या इमेजमध्ये ८२. इमेज (कंटेनरचा साचा) बदलली, व्हॉल्यूम (बाहेर साठवलेल्या फाइल्स) तोच ठेवला, की नाव तेच असूनही सगळ्या फाइल्स परक्या होतात.

परमिशन डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमधूनही ठरवता येतात. वर्डप्रेसला फाइल आणि फोल्डरसाठी स्थिरांक आहेत, वर्डफेन्सला त्याच्या लॉग फाइल्ससाठी वेगळा आहे. ते लिहिताना आकड्यापुढचं शून्य कधीही गाळू नका. ०६४४ लिहिलं तर पीएचपी तो अष्टमान धरतं. नुसतं ६४४ लिहिलं तर तो दशमान होतो, आणि त्याचं अष्टमान निघतं १२०४. म्हणजे मालकाला फक्त लिहायची मुभा, ग्रुपला काहीच नाही आणि बाकी सगळ्यांना वाचायची! यादीत अशी विचित्र परमिशन दिसली तर आधी हे शून्य शोधा.

साइटच्या मुख्य फोल्डरमधल्या तीन-चार फाइल्सचं वेगळं आहे. डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये डेटाबेसचा पासवर्ड असतो, त्यामुळे एफपीएम खात्याच्या नावाने चालत असेल तर ६०० किंवा ४०० द्यायला हरकत नाही. पण सॉलिड सिक्युरिटीसारखी प्लगइन्स या फाइलमध्ये स्वतः ओळी घालतात. सेटिंग बदलताना थोडा वेळ ६०० ठेवा, काम झालं की परत ४००. हाच नियम डॉट-एचटीॲक्सेसला लावू नका. ती फाइल अपाचे स्वतः वाचतं, स्वतःच्या नावाने. तिला ६०० दिलं आणि अपाचेला वाचता आली नाही, तर ते सावधगिरी म्हणून सगळ्यांनाच ४०३ देतं. तिला ६४४ च हवं. अपाचेऐवजी एनजिनेक्स हा वेबसर्व्हर असेल तर तो ही फाइल वाचतच नाही, म्हणून प्लगइनमध्ये 'अपलोड फोल्डरमध्ये पीएचपी चालू देऊ नका' हा पर्याय लावला तरी तो नियम एनजिनेक्सच्या कॉन्फिगमध्ये हाताने घालावा लागतो.

डॉट-यूजर-आयएनआय आणि वर्डफेन्स-वॅफ या दोन फाइल्स जोडीने चालतात. पहिली पीएचपीला सांगते की कुठलीही विनंती आली तरी आधी दुसरी चालव. मालकी दुरुस्त करताना कंटाळून कुणी दुसरी फाइल पुसून टाकतं, आणि लगेच अख्खी साइट फेटल एररमध्ये जाते, कारण पहिलीतली ओळ अजून तिलाच शोधत असते. साइट दुसऱ्या सर्व्हरवर हलवल्यावरही हेच होतं, कारण त्या ओळीत जुन्या सर्व्हरचा पूर्ण मार्ग लिहिलेला असतो. आधी ओळ काढा, मग थांबा. पीएचपी ही फाइल मूळ सेटिंगनुसार ३०० सेकंद लक्षात ठेवतं, म्हणून पाच मिनिटं गेल्यावरच दुसरी फाइल काढा.

मालक बरोबर, आकडा बरोबर, तरी लिहिता येत नाही, असं झालं तर पीएचपीच्या एरर लॉगमधला नेमका शब्दप्रयोग वाचा. 'परमिशन डिनाइड' आलं तर वरचा एखादा फोल्डर आडवा येत असू शकतो. फाइल कितीही मोकळी असली तरी मार्गातल्या प्रत्येक फोल्डरमध्ये शिरता आलं पाहिजे. 'नेमआय' या कमांडला 'एल' पर्याय आणि पूर्ण मार्ग दिला की वरपासून खालपर्यंत प्रत्येक पायरीचा मालक आणि परमिशन एकाखाली एक छापून येतात. इतकी उपयोगी कमांड असून ती फार थोड्यांना ठाऊक असते. यादीत परमिशनच्या शेवटी अधिकचं चिन्ह दिसलं तर एसीएल, म्हणजे ठरावीक वापरकर्त्यांसाठीच्या वेगळ्या परमिशन, लावलेलं आहे, ते 'गेटएफएसीएल'ने बघा.

रेडहॅटच्या कुळातल्या सर्व्हरवर हेच 'परमिशन डिनाइड' एसईलिनक्समुळेही, म्हणजे फाइल्सना लेबल लावणाऱ्या जादा सुरक्षा यंत्रणेमुळेही, येतं. यादी झेड पर्यायाने काढली की लेबल दिसतात. वेबसर्व्हरला लिहायचं असलेल्या फोल्डरचं लेबल 'एचटीटीपीडी-सिस-आरडब्ल्यू-कंटेंट-टी' हवं. ते 'सीमॅनेज'ने नियम म्हणून नोंदवा आणि 'रीस्टोरकॉन'ने लावा. नुसत्या 'सीएचकॉन'ने लावलेलं लेबल पुढच्या रीलेबलिंगला पुसलं जातं. एसईलिनक्सच बंद करून टाकणं हा मार्ग मी कुणालाही सांगत नाही, निदान सुरक्षेचं प्लगइन चालावं म्हणून तरी नाही.

'ऑपरेशन नॉट परमिटेड' आलं तर फाइलवर न बदलण्याची खूण लावलेली असू शकते, ती 'एलएसॲट्र'ने दिसते. 'नो स्पेस लेफ्ट' आलं आणि डिस्कमध्ये जागा दिसत असेल, तर आयनोड, म्हणजे डिस्कवर किती फाइल्स ठेवता येतात त्या जागा, संपलेत का बघा. लाखो बारीक कॅशे फाइल्स झाल्या की तसं होतं. 'रीड-ओन्ली फाइल सिस्टीम' आलं तर होस्टिंगवाल्यांना लगेच कळवा, डिस्कच आजारी असण्याची शक्यता आहे.

एक प्रकार मात्र यांपेक्षा वेगळा आणि गंभीर. मुख्य इंडेक्स फाइल किंवा डॉट-एचटीॲक्सेस ४४४ दिसते, तुम्ही ६४४ करून आतला मजकूर नीट करता, आणि काही क्षणांत ती पुन्हा ४४४ होऊन अनोळखी कोडसकट परत येते. ही परमिशनची अडचण नव्हे, साइट हॅक झालेली आहे. मालवेअरची एखादी प्रोसेस मागे जिवंत असते आणि ती फाइल पुन्हा पुन्हा लिहिते. आधी त्या खात्याच्या चालू पीएचपी प्रोसेस मारा, क्रॉनटॅब तपासा, मगच फाइल्स स्वच्छ करा.

मालकी नीट ठेवणं हातात नसेल, उदाहरणार्थ नेटवर्क डिस्कवर चालणारी साइट किंवा सारखे नव्याने उभे राहणारे कंटेनर, तर वर्डफेन्सला हा साठा फाइलऐवजी डेटाबेसमध्ये ठेवायला सांगता येतं. स्टोरेज इंजिनचा स्थिरांक 'मायएसक्यूएलआय' असा द्यायचा. फायरवॉल ऑप्टिमाइझ केलेलं असेल तर ती ओळ वर्डफेन्स-वॅफ फाइलमध्येच घाला, कारण ती डब्ल्यूपी-कॉन्फिगच्या आधी चालते. तुमच्या साइटला याची गरज नाही, तुमचं दुखणं क्रॉनपुरतंच दिसतंय.

हे सगळं केल्यावर एक रात्र जाऊ द्या. सकाळी डब्ल्यूएफलॉग्जची यादी पुन्हा काढा. पहाटे ३ नंतरच्या फाइल्स दिसतील, पण मालक प्रत्येक ओळीत एकच असायला हवा. रूट कुठेही दिसला तर अजून एखादी क्रॉन शिल्लक आहे: 'ईटीसी' फोल्डरमधल्या क्रॉनच्या जागा आणि सिस्टमडीचे टायमर बघा. त्यानंतर फाइंड कमांडने सगळ्यांना लिहिता येणाऱ्या फाइल्स आणि फोल्डर अख्ख्या साइटमध्ये शोधा, म्हणजे आधी घाईत कुठे ७७७ देऊन ठेवलं असेल तर तेही सापडेल. यादी रिकामी आली पाहिजे. ती तशी आली नाही आणि कशाला हात लावावा हे कळेना, तर ती यादी आणि एरर लॉगमधली शेवटची ओळ मला दाखवा. खात्याचं नाव आणि डोमेन तेवढं झाकून ठेवा.